हगवणीचा कोठा

माझ्या कामाचं नाव सांगितलं की समोरचं माणूस आधी नाकाला पदर लावतं आणि मग विचारतं, "म्हणजे नेमकं काय करत होत्या?" नेमकं म्हणजे वासरांची हगवण काढत होते. हातीपायी धड होते तोवरची सगळी वर्षं त्यातच गेली. अंकासाठी लिहा म्हणून जी पोरगी मागं लागली, तिला मी म्हटलं, बाई, दिवाळीत लोक चकली खात खात वाचतात, त्यांना हे कशाला? ती म्हणाली, तुम्ही लिहा. चौथी शिकले आहे, अक्षर बरं आहे, म्हणून लिहिते. वाचणाऱ्यांनी आधी फराळ आटोपून घ्यावा.

रफिक सेठची डेअरी नेरच्या बाहेर, कपाशीच्या वावरांना लागून. त्याच्या बापाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, भाऊही मिस्त्री. हाच एक गाईंच्या नादी लागला. काळ्या-पांढऱ्या, तांबड्या, सगळ्या मोठ्या कासेच्या गाई. आमच्याकडं अशा कोणत्याही गाईला जर्सीच म्हणतात. माझा नवरा गेला होता, पोरगी पुसदला दिली होती, घरात मी एकटी. शेण काढायला म्हणून कामाला लागले. तिथले गडी सगळे दुधाकडं बघत. वासराकडं कोणी बघत नाही, कारण ते दूध देत नाही, पितं. मी कमी बोलते आणि सुट्टी मागत नाही, हे पाहून सेठनं वासरांचा कोठा माझ्याकडं दिला. गोठ्याला आम्ही कोठा म्हणतो.

वासरू जन्मलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला हगवण लागायची भीती असते. पिवळी, पाण्यासारखी, आंबूस वासाची. शेपटी आणि मागचे पाय भरून जातात. सकाळी उड्या मारणारं वासरू संध्याकाळी मान टाकतं. डोळे खोल जातात, कान गार पडतात. मी लागले त्या पहिल्या हिवाळ्यात एकामागून एक वासरं गेली. सेठ रडकुंडीला आला. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर तेव्हा नवा होता, पोरगेलासा. त्यानं सगळं पाहिलं आणि तिथंच पोत्यावर बसून मला समजावून सांगितलं.

"मौशी, हा विषाणू आहे. साधे जंतू औषधानं मरतात, हा मरत नाही. वासराच्या आतड्याला आतून मखमल असते. तिच्यातून दूध अंगी लागतं. हा विषाणू ती मखमल झडवतो. मग दूध पोटात जातं आणि तसंच मागून निघून जातं, जाताना अंगातलं पाणीही घेऊन जातं."

"मंग इलाज काय?"

"मखमल परत उगवते. तोवर वासरू जगवायचं."

माझ्या कामाबद्दल यापेक्षा जास्त मलाही सांगता येणार नाही. मखमल उगवेपर्यंत वासरू जगवायचं.

जगवायचं म्हणजे त्याच्या अंगातून जेवढं पाणी जातं तेवढं परत आत घालायचं. कोमट पाण्यात मीठ, साखर, सोडा, किंवा दवाखान्यातली पुडी. बाटलीनं पाजायचं, मान फार वर करायची नाही, नाही तर फुप्फुसात जातं. थोडं थोडं, सारखं. दूध तोडायचं नाही, कमी कमी करून चालू ठेवायचं. खाली कोरडा कडबा, अंगावर पोतं. वासराच्या तोंडात बोट घालून पाहायचं. ओढलं तर आशा आहे. जीभ गार असेल आणि बोट ओढत नसेल तर पाणी पाजून भागत नाही, डॉक्टरला बोलवून शिरेतून बाटली लावावी लागते. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच बसली तर ठीक, तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी संपत आलं.

हे सगळं ऐकायला सोपं आहे आणि त्यातच अडचण आहे. सोप्या गोष्टीवर लोकांचा विश्वास बसत नाही.

एकदा एक माणूस, डॉक्टर डेअरीत येतो हे ऐकून, मोटरसायकलवर वासरू घेऊन आला. पेट्रोलच्या टाकीवर आडवं टाकलेलं, पोराच्या पांघरुणात गुंडाळलेलं. माणूस उंच, गळ्यात दुपट्टा, आवाज मोठा.

"डॉक्टर कुठी हाय?"

"बाहेर गेले. वासरू खाली ठेवा."

"तुमी काय करता?"

"पाणी पाजतो." आमच्याकडं बाईही बोलताना पाजतो, जातोच म्हणते.

"पाणी त माह्या घरी बी हाय, बाई! पाणी पाजाले मी पेट्रोल जाळून आलो काय? सुई मारा सुई."

"सुईनं हे मरत नाई."

मी मीठ-साखर कालवायला लागले. तो वाकून बघत होता. म्हणाला, "हे त शरबत हाय. लिंबू राह्यलं तुमचं."

"तुमाले पाजतो का आधी?" मी म्हटलं. तेव्हा त्यानं खाली बसून वासराचं डोकं धरलं.

त्याचं वासरू वाचलं. त्यानं गावोगाव सांगितलं की डेअरीतल्या बाईजवळ पॉवरचं पाणी आहे. मग लोक आजारी वासरं घेऊन येऊ लागले. सायकलवर, ऑटोत, एक जण तर बैलगाडीत गादी टाकून. मी सांगायची, अहो, मीठ-साखर आहे, घरी करा. म्हणायचे, नाही, तुमच्याच हातचं पाहिजे. डॉक्टरला कळलं तेव्हा तो सेठवर आणि माझ्यावर सारखाच चिडला. आजारी वासराची हगवण फाटकातून आत आणणं म्हणजे घरात चोर बोलावून आणणं. शेणाचा कण चपलेला लागला, लुगड्याच्या काठाला लागला, बादलीच्या कडीला लागला, तरी पुरे. फिनाईलनं नुसता वास जातो. त्याला ऊन लागतं, चुना लागतो, कोरडी जमीन लागते. मोठ्या गाईला काही होत नाही, पण तिच्या शेणातून तो येत राहू शकतो, कोणाला दिसत नाही.

त्या दिवसापासून नियम झाले. बाहेरचं वासरू आत नाही. आधी निरोगी वासरं करायची, मग आजारी. आजारी वासराला हात लावणाऱ्यानं परत निरोग्यांकडं जायचं नाही. वावराच्या कडेला, निंबाखाली एक वेगळा कोठा बांधला. त्याला सगळे हगवणीचा कोठा म्हणू लागले. त्यात कोण जाणार? गड्यांच्या घरी गाई, म्हशी, वासरं. माझ्या घरी मी. प्रश्नच नव्हता.

हिवाळ्यात आजार आला की मी तिकडंच असायची. चहा कोणीतरी कुंपणाजवळच्या दगडावर ठेवून जायचं आणि लांबून ओरडायचं, "मौशी, चहा!" मी हात धुऊन जाईपर्यंत तो थंड व्हायचा. सेठची आई वासरांसाठी पोत्यांच्या झुली शिवून पाठवायची, बटणंबिटणं लावून. ती एकटीच कुंपणाशी उभी राहून दोन शब्द बोलायची, "कौसल्या, तू कुछ खाई क्या?" बाकी दिवसभर मी आणि ती मान टाकलेली वासरं. वासरांशी मी बोलत नसे. बोलून काही फरक पडत नाही, वेळ जातो.

गावातही तेच झालं. प्रत्येकाच्या घरी एखादी गाय, एखादी शेळी. मी दारात दिसले की बायका म्हणायच्या, "बाई, बाहीरच बसा, इथं वारा चांगला हाय." हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं, पण बसायला ओट्यावर. पोळ्याला बैल दारोदार आणतात, ओवाळून घेतात. माझ्या दारावरून ते थोडे घाईनंच नेले जायचे. मला राग येत नसे. आजाऱ्याला हात लावणाऱ्यानं बाकीच्यांत जाऊ नये हे मीच गावभर सांगत होते. लोकांनी ऐकलं एवढंच.

राहिली यमुना. ती माझी जाऊ, धाकटी. तिचाही नवरा गेलेला, तिचीही पोरगी दिलेली. दोन भावांच्या वाटणीत अंगणात छातीएवढी भिंत घातली होती. तिच्या बाजूला तिचा कोठा, त्यात एक गाय. माझ्या बाजूला काही नाही. मी आंघोळ करून, लुगडं बदलून आले की भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही आपापलं ताट घेऊन बसायचो. ती इकडची कोशिंबीर तिकडून मागायची, मी तिकडचं लोणचं. ती बोलायची, मी ऐकायची. गावात कोणाचं काय चाललंय ते मला तिच्याकडूनच कळायचं. दिवसभरात माझ्याशी कोणी काही बोललं असेल तर ते तेवढंच.

एका वर्षी तिची गाय गाभण होती. यमुनाचा जीव त्या गाईत होता. कालवड झाली तर म्हातारपणाची सोय झाली, असं ती रोज म्हणायची. गाय थकलेली होती, पुन्हा गाभण राहील याचा भरवसा नव्हता. मी तिला रोज एकच सांगायची.

"यमुना, वासरू उभं राह्यलं का लगेच चीक पाज. वार पडाची वाट पाहू नको."

"हो व बाई."

"नुसतं हो म्हणू नको. पहिल्या काही घंट्यांतच तो अंगी लागते. वासराच्या आतड्याची दारं तेवढाच वेळ उघडी राह्यते. मंग बंद होते. गाय पोटातून काही देत नाई त्याले, जे द्याचं ते चिकातून देते."

"हो म्हटलं न! किती डोकं खाता."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चीक म्हणजे व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, घट्ट, पिवळं. त्याचा खरवस करतात. आमच्याकडं जुनी समजूत अशी की गाईची वार, म्हणजे वासरामागून पडणारी झिल्ली, पडल्याशिवाय तिला पिळायचं नाही आणि वासरालाही लावायचं नाही. नाही तर वार आतच राहते. आणि वासरानं चीक जास्त प्यायला तर त्याला हगवण लागते, असंही म्हणतात. म्हणून वार पडेपर्यंत वासरू उपाशी. वार पडली की पहिला चीक काढून खरवस, तो देवाला, मग घरातल्या थोरलीला, मग शेजारपाजारी. कोणाचं घर सुटता कामा नये. खरवस नाकारायचाही नसतो. नाकारला तर गाईची कास आटते, वासराला दृष्ट लागते. आणि ज्या भांड्यात आला ते भांडं रिकामं परत करायचं नसतं, त्यात मूठभर साखर नाही तर धान्य घालून पाठवायचं. घरातली थोरली मी होते.

डेअरीत तेव्हा हगवण जोरात आली. तीन-चार वासरं एकदम पडली. मी घरी गेले नाही. भिंतीपलीकडं गाय व्यायला आलेली, आणि मी नखशिखांत त्या घाणीत. कितीही आंघोळ केली तरी मन मानेना. सेठला सांगून कडब्याच्या खोलीतच पथारी टाकली, आणि दुधाच्या गाडीवाल्याबरोबर यमुनाला निरोप पाठवला की आजार सरेपर्यंत येत नाही. तिला तो निरोप पटला नसावा. तिला वाटलं, तिच्या घरात आनंदाची वेळ आली आणि मी तोंड फिरवलं.

मी हगवणीच्या कोठ्यात वासराला बाटली लावून बसले होते. कुंपणाच्या फाटकाचा आवाज आला. पाहते तर यमुना. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पितळी डबा, त्यावर झाकण आणि झाकणावर कुंकवाची बोटं. तोंड हसरं.

"बाई! कालवड झाली! तांबडी. कपाळावर चांद हाय."

मला बरं वाटलं. पण तिचा एक पाय आत पडलेला पाहिला आणि मी ओरडले, "तिथंच उभी राह्य! आत पाय टाकू नको!"

तिला वाटलं, मी थट्टा करते. ती येतच राहिली. कोठ्यातून धुतलेलं पाणी ज्या नालीतून वाहतं, त्या नालीत तिचे दोन्ही पाय. अनवाणी. देवाला दाखवलेलं घेऊन निघालेली बाई चपला घालत नाही.

"यमुना, मागं हो! घरी जाऊन पाय चुन्याच्या पाण्यानं धू, लुगडं बदल, मंगच कोठ्यात जा."

ती थांबली. "पहिले हे त घ्या. तुमच्या हिश्श्याचं आणलं. थोरलीचं."

"नाई घेत."

"काय म्हटलं?"

"डबा माह्या हाताले लागला का तो तुह्या घरी परत जाणार नाई. मी त्याले हात लावणार नाई. घेऊन जा."

घेतला असता तर रिवाजानं डबा परत जाणारच होता. रिकामा नाही, भरून. माझ्या हाताची घाण घेऊन तिच्या चुलीपाशी आणि तिथून त्या चांद असलेल्या कालवडीपाशी. हे मी तिला समजावून सांगायला हवं होतं, पण मांडीवरचं वासरू बाटली सोडून देत होतं. मी भलताच प्रश्न विचारला.

"तिले चीक पाजला काय?"

"वार आज सकाळी पडली. आता पाजीन न, राह्यलेला."

"म्हणजे रातभर उपाशी? आणि पहिला चीक ह्या डब्यात?"

"सगळे तसंच करते, बाई."

"सगळ्याइचे वासरं म्हणूनच मरते!"

असं मी बोलले. व्यालेल्या गाईच्या घरचा खरवस घेऊन आलेल्या बाईला, कुंकू लावलेल्या डब्यासमोर, मरण शब्द बोलले. यमुनाचं तोंड पांढरं पडलं. तिनं डबा पदराखाली घेतला आणि मागं न बघता गेली.

हगवण तिच्या कालवडीला लागली ती पायांनी गेली की तिच्याच गाईच्या शेणातून आली, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. दोन्ही होऊ शकतं, तो म्हणाला. पहिला चीक वेळेवर गेला असता तर निभावलं असतं, एवढं मात्र तो नक्की म्हणाला. गावात कोणाला काही विचारायचं नव्हतं. थोरल्या जावेनं खरवस परत पाठवला आणि मरण बोलली, मग वासराला दुसरं काय होणार?

मला सेठनं सांगितलं. तो स्वतः कोठ्याच्या दाराशी आला, पहिल्यांदाच. "मौशी, तुमच्या जाऊबाईच्या वासराले हगवण लागली म्हणते. मान टाकली त्यानं."

मी उठले आणि पुन्हा खाली बसले. माझ्यासमोर दोन वासरं होती.

सेठनं बाह्या सरसावल्या. "उठा. बॉटल मले द्या. मले येत नाई का? रोज पाहून राह्यलो तुमाले."

"तुमी इथून गाईकडं जाल."

"नाई जात. कसम से. तुम्ही येईपर्यंत इथून हलत नाई."

त्याच्या आईनं पाणी तापवलं. मी घासून आंघोळ केली. तिनं आपली धुतलेली साडी दिली. तसंही आता आजारी वासराकडंच जायचं होतं, तिथं माझी बंदी उरली नव्हती.

माझ्या अंगणातून भिंतीशी गेले. पलीकडं कोठ्याच्या दारात कालवड आडवी, गळ्यात काळा दोरा. यमुना उशाशी बसलेली. मला पाहून उठली.

"तिथंच उभी राह्य," ती म्हणाली. "आत पाय टाकू नको."

माझेच शब्द होते. मी उभी राहिले.

"दूध देऊन राह्यली काय तिले?"

तिनं कालवडीची मान सरळ केली.

"यमुना, दूध तोडलं काय?"

"हगवण लागल्यावर कोणी दूध देते काय? चहापत्तीचं पाणी देलं." ती माझ्याकडं बघत नव्हती. "तुमी जा. झालं तेवढं पुरे."

"तिच्या तोंडात बोट घाल."

"जा म्हटलं न!"

"माह्यावर राग काढाचा हाय न? जन्मभर काढ, मी कुठी जातो? पण आधी तिले पाणी पाजून घे, मंग काढ. ते मेलं त राग काढून तुले का भेटणार हाय?"

मी भिंतीवरून आत जाऊ शकले असते, भिंत काही उंच नव्हती. गेले नाही. तिचा कोठा, तिचं वासरू. तिनं पाय टाकू नको म्हटलं होतं.

मग तिनं खाली बसून कालवडीच्या तोंडात बोट घातलं. तिच्या पाठीकडं बघून मी म्हटलं, "ओढते काय?"

"जरासं."

"मंग पाणी कोमट कर."

ती उठून घरात गेली. पातेल्याचा आवाज आला. आतून विचारलं, "मीठ किती?" मी सांगितलं. "साखर?" सांगितलं. बाटली नव्हती तर तिनं सरबताची रिकामी शिशी धुऊन आणली. माझ्याकडं पाठ करून ती पाजत होती आणि मी भिंतीवरून सांगत होते. मान खाली घे. थांब, गिळू दे. आता कडबा बदल. काळा दोरा राहू दे, दूध तेवढं तोडू नको, थोडं थोडं दे. ती सांगितलं तसं करत होती. दुसऱ्या दिवशी तिनं म्हटलं, "बोट ओढत नाई." मी माणूस पाठवून डॉक्टरला आणवलं. त्यानं शिरेतून बाटली लावली. त्याच्याशिवाय ती राहिली नसती, माझ्या मीठ-साखरेची धाव तिथं संपली होती. मग पुन्हा पाणी, पुन्हा दूध, पुन्हा कडबा. मी माझ्या ओट्यावर, ती तिच्या कोठ्यात, मध्ये भिंत.

कालवडीचं शेण घट्ट झालं, तेव्हा यमुना ते एखादा दागिना दाखवावा तसं पाटीत घेऊन भिंतीशी आली. मी पाहिलं. म्हटलं, "मखमल उगवली." तिला ते काही कळलं नाही. ती म्हणाली, "बाई, माह्या हातचं तुमी परत पाठवलं. ते मी इसरणार नाई." आणि आत गेली.

डेअरीत परत गेले तेव्हा सेठ हगवणीच्या कोठ्यात पाय पसरून झोपला होता, वासराचं डोकं त्याच्या मांडीवर. दुसरं वासरू गेलं होतं. त्यानं ते कडब्यानं झाकून ठेवलं होतं.

खरवस परत पाठवल्याचं मला आजही काही वाटत नाही, तशीच वेळ आली तर परत पाठवीन. जीभ मात्र आवरायला हवी होती. गाईच्या घरी मरण बोलायचं नसतं, एवढं चौथी शिकलेल्या बाईला कळायला हवं.

यमुनानं शब्द पाळला. भिंतीशी ताट घेऊन बसणं बंद झालं. ती घरात जेवायची, मी घरात जेवायची. कोशिंबीर कोणी मागितली नाही. खरवस गावातल्या सगळ्या घरी जायचा, माझ्या घरी नाही. मध्ये कोरोना आला. वासरांच्या हगवणीच्या विषाणूंत एक त्याच नावाचा आहे, माणसांचा तो नव्हे, पण त्याच कुळीतला. डॉक्टरनं मला ते नाव फार आधी सांगितलं होतं. सगळे लोक चपला दाराबाहेर काढू लागले, हात धुऊ लागले, एकमेकांपासून लांब बसू लागले, चहा दगडावर ठेवू लागले. गावातल्या बायका म्हणायच्या, असं एकटं कसं राहायचं, वेड लागायची पाळी. मी ऐकून घेत होते. यमुना तिच्या बाजूला झाडत होती, मी माझ्या.

तोवर ती कालवड मोठी झाली होती, गाभण राहिली. गाय होऊन पहिल्यांदा व्याली तेव्हा संध्याकाळ होती. मी ओट्यावर तूर पाखडत होते. भिंतीपलीकडच्या कोठ्यातून आवाज आला.

"वार पडली नाई अजून."

मी सूप थांबवलं. तिनं नाव घेतलं नव्हतं, बाई म्हटलं नव्हतं. पण कोठ्यात दुसरं माणूस नव्हतं.

"पाजू काय?" ती म्हणाली.

"पाज."

"वार राह्यली त?"

"राह्यली त डॉक्टर हाय. वासरू ओढन त वार लवकर पडते. पाज."

थोड्या वेळानं वासरू चोखत असल्याचा आवाज आला. मी पाखडत राहिले.

त्यानंतर दर वेताला, म्हणजे गाय व्याली की तेवढंच, आमचं बोलणं झालं. आता तिला सगळं माहीत आहे, विचारायची गरज नाही, तरी ती विचारते. पाजू काय? पाज. किती पाजू? पोटभर. गोऱ्हा झाला. बरं झालं. एकदा तिनं आपणहून सांगितलं की झालेली कालवड तिनं पोरीला देऊन टाकली. मी म्हटलं, चांगलं केलं. त्या वेळी बोलणं लांबलं. गाय वर्ष-दीड वर्षात एकदा विते.

डेअरी सेठनं पोरांकडं दिली. आता तिथं वासरांचे वेगळे पिंजरे आहेत, चीक गोठवून ठेवतात, बाटल्या धुवायला मशीन आहे. हगवणीच्या कोठ्यात कडबा भरतात. माझे गुडघे गेले, मी घरीच असते.

यंदा यमुनाची गाय गाभण राहिली नाही. दोनदा रेतनाची सुई देऊन भरवली, दोन्ही वेळा उलटली. परवा डॉक्टर गावात आला होता. त्याचेही केस पिकले. तिच्या कोठ्यातून निघून तो माझ्या दारावरून जात होता, तेव्हा मी त्याला थांबवलं.

"काय म्हणते गाय?"

"वय झालं, मौशी. आता काही उपयोग नाही. त्यांना सांगितलं, विकून टाका."

"यमुना काय म्हणाली?"

"झाडू उचलला आणि झाडायला लागल्या."

"अजून एक डाव भरवून पाहा."

"पैसे वाया जातील."

"मी देतो. तिले सांगू नका."

त्यानं पिशवी खाली ठेवली. "गाय त्यांची, तुम्ही आयुष्यभर वासरांची हगवण काढून थकलेल्या. तुम्हाला कशाला पाहिजे त्या गाईचं वासरू?"

भिंतीपलीकडं झाडू थांबला होता.

"भरवा म्हटलं न," मी म्हटलं.